कोपऱ्यातला बाण

१२ डिसेंबर

खालच्या ऑफिसातून फोन आला. या मोसमात बाई वर येणार नाहीत. डॉक्टरांनी उंचीवर जायला साफ मनाई केली आहे, श्वास लागतो म्हणे. उद्या पाण्याची टाकी भरणार नाही असं सांगावं, तितक्या सहज साहेबांनी हे सांगितलं.

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग पाहुण्यांच्या खोलीत गेलो. गादीला ऊन दाखवून झालं होतं, काचा पुसल्या होत्या, कपाटात नवे कागद अंथरले होते, कारण बाईंना झुरळाची मिशी जरी दिसली तरी घर डोक्यावर घेतात. दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

या डोंगरावर सूर्य बघायची दुर्बीण आहे आणि ती सांभाळणारा मी आहे. घुमट उघडायचा, आरसे पुसायचे, हवेची नोंद करायची, घुमट बंद करायचा. एरवी इथे चिटपाखरू फिरकत नाही. बाई तेवढ्या दर थंडीत येतात आणि मोसमभर रोज सूर्यावरचे डाग कागदावर हातानं काढतात. मी एकटा गड राखून असतो म्हणून मला त्या किल्लेदार म्हणतात. डागांचा एक फेरा पुरा व्हायला साधारण अकरा वर्षं लागतात. बाईंची दहा झाली, यंदाचं अकरावं. फेरा पुरा होईपर्यंत मोसमातला आभाळ उघडं असलेला एकही दिवस गाळायचा नाही असा त्यांचा पण आहे.

साहेब म्हणाले, एक मुलगी वर येईल आणि इथला पडदा बाईंच्या घरी दाखवायची सोय करेल. जमलं तर बाई घरून काम पुरं करतील. नाही जमलं तर फेरा अर्धा राहील, आणि मग हे ठाणं चालू ठेवण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, माझा संसार एका तारेला टांगलेला आहे.

१७ डिसेंबर

मुलगी आली. पाठीवर भलीमोठी पिशवी, त्यात वायरींचा गुंता. मी मनातल्या मनात तिचं नाव तारवाली ठेवलं. आल्या आल्या चहा मागितला, त्यामुळे पहिल्याच फटक्यात पास झाली.

"काका, सोप्पं आहे. प्रोग्राम इथेच चालणार, तुमच्या या मोठ्या मशीनवर. फक्त त्याची खिडकी बाईंच्या पडद्यावर उघडणार."

"म्हणजे इथून चित्र पाठवायचं?"

"सगळ्याच वेळी चित्र नाही. सूचना पाठवायच्या. प्रोग्राम इथून सांगतो, इथे चौकोन काढ, इथे रेघ ओढ, इथे ही अक्षरं लिही. काढायचं काम बाईंचं मशीन करतं. आणि बाईंनी कळ दाबली की ते मशीन इकडे कळवतं, अमुक कळ दाबली बरं का."

"म्हणजे आपलं मशीन सर्व्हर आणि बाईंचं त्याचं गिऱ्हाईक."

ती हसली. "इथेच सगळे फसतात. या कारभारात सर्व्हर बाईंच्या टेबलावर असतो. पडदा, कीबोर्ड, माऊस ज्याच्याकडे, तो सर्व्हर. गिऱ्हाईक आपला प्रोग्राम. तो लांबून जातो आणि म्हणतो, दादा, जरा एवढी रेघ काढून द्या."

मला हे सगळं उफराटं वाटलं. मग आठवलं, दहा मोसम मी इथे सगळं काम करून चहाच्या वेळी पाहुण्यांच्या खोलीचं दार वाजवायचो आणि "येऊ का?" म्हणून विचारायचो. खोल्या माझ्या ताब्यात, पण दार उघडणं बाईंच्या हातात.

२० डिसेंबर

पहिली चाचणी. फजितीच म्हणायची.

तिकडे बाईंनी एक मेनू उघडायला क्लिक केलं. इथल्या प्रोग्रामनं विचारलं, तुमचा पडदा केवढा? उत्तर यायची वाट बघितली. मग विचारलं, अमुक वळणाची अक्षरं आहेत का? पुन्हा वाट. रंग कुठले चालतील? पुन्हा वाट. तारवाली म्हणाली, एका इमारतीत दोन मशीन असली तर हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. पण आपला निरोप डोंगरावरून मनोऱ्यावर, मनोऱ्यावरून शहरात, शहरातून बाईंच्या घरी आणि तसाच परत. प्रत्येक क्षुल्लक प्रश्नाला एवढा प्रवास. आणि सूर्याचं छायाचित्र तर सूचनांनी काढता येत नाही, ते अख्खंच पाठवावं लागतं.

बाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तारवालीला संदेश पाठवला. "किल्लेदारांना सांग, मेनू उघडेपर्यंत सूर्य मावळेल."

बाईंचं हे बोलणं वाचून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो.

२४ डिसेंबर

सकाळपासून वारा सुटला होता. दहाच्या सुमाराला लाइन तुटली, आणि तिच्याबरोबर बाईंच्या खिडक्याही गेल्या. खिडक्या गेल्या म्हणून इथले प्रोग्रामही जागच्या जागी बंद पडले. ठराविक अंतरानं चाललेली छायाचित्रं मध्येच थांबली आणि सकाळचं काम फुकट गेलं.

"प्रोग्राम इथे आहे ना? मग तो का मेला?" मी तारवालीवर उखडलो.

"ज्याला चित्र काढायला सांगायचं तोच पलीकडून गायब झाला, काका. त्याला पुढे काय करायचं ते माहीत नसतं."

दिवस चुकू नये म्हणून मी जुन्या पद्धतीनं दुर्बिणीखाली पांढरा कागद धरला, त्यावर सूर्य पाडला आणि बाईंनी शिकवलं होतं तसे पेन्सिलीनं डाग काढले. सूर्य कसला, कोंब फुटलेला बटाटा झाला. संध्याकाळच्या जीपनं तारवालीबरोबर तो खाली पाठवून दिला.

२६ डिसेंबर

जीपनं बाईंचं उत्तर आलं. "बटाटा मिळाला. जागा बरोबर आहेत. फेरा तुटला नाही." हा कागद मी दाढीच्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला आहे.

३ जानेवारी

तारवाली पुन्हा वर आली, नवी युक्ती घेऊन. या वेळी मला समजायला वेळ लागला नाही, उलट आवडलीच.

"आता पडदा बाईंकडे न्यायचाच नाही. पडदा इथेच मांडायचा, मशीनच्या पोटात. त्याला काच नाही, कुणाला दिसत नाही, पण प्रोग्रामला वाटतं पडदा आहे. जी काय विचारपूस करायची ती घरातल्या घरात. मग त्या पडद्याचा जेवढा तुकडा बदलला, तेवढ्याच तुकड्याचं चित्र लाइनवरून जातं. बाई तिकडून त्यात डोकावणार, तुम्ही इकडून. दोघांना एकच दिसणार."

"आणि लाइन तुटली तर?"

"तुटू दे की. पडदा इथेच राहतो. पुन्हा जोडलं की खिडक्या जिथल्या तिथे. माऊसचा बाणसुद्धा जिथे सोडला तिथेच."

घुमट नीट मिटला की नाही ते कळावं म्हणून खोलीत पहिल्यापासून एक कॅमेरा आहे. त्याचीही छोटी खिडकी तिनं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लावली. त्यात घुमटाची कड दिसते, माझं टेबल दिसतं आणि मी दिसतो. मग तिनं माझ्या खुर्चीमागे भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ टांगायला लावलं.

"हे कशाला?"

"बदललं तेवढंच जातं ना, मग काही बदललं नाही तर चित्र गप्प बसतं. लाइन मेली तरी गप्पच. दोन्ही सारखंच दिसतं. काटा फिरताना दिसला की बाईंना कळेल लाइन जिवंत आहे."

जाताना तिनं एक नोंदींची खिडकी उघडून दिली. तिच्यात कुणीही लिहिलं की दोघांना दिसतं. संध्याकाळी तिच्यात आपोआप अक्षरं उमटली. "किल्लेदार, घड्याळ दोन मिनिटं मागे आहे."

६ जानेवारी

पडदा एक, बाणही एक, पण माऊस दोन. आज दिवसभर आमची नुसती ओढाताण. मी बाण डावीकडे नेला की बाई उजवीकडे नेणार. एकदा मी दुर्बीण सरकवायला बटण दाबणार, तोच बाण हातातून निसटला आणि बाईंनी खिडकीच बंद केली.

मी नोंदींच्या खिडकीत लिहिलं, "असं कसं चालेल?"

बाईंनी लिहिलं, "तुम्ही कीबोर्ड वापरा. माऊस माझा. मी उठून गेले की बाण खाली उजव्या कोपऱ्यात ठेवत जाईन. कोपऱ्यात असला की समजायचं, बाई नाहीत. नसला तर आहेत."

"आणि मी उठून गेलो तर?"

"तुम्ही कुठे जाणार आहात, किल्लेदार?"

हेही खरंच. काम कीबोर्डवरून होतं सगळं, जरा बोटं दुखतात एवढंच.

११ जानेवारी

लाइन उत्तम. बाई रोज सूर्य बघतात, आपल्या टेबलावर कागद घेऊन डाग काढतात आणि दुपारी नोंद टाकतात, "आजचं चित्र झालं." मग बाण कोपऱ्यात जातो. दहा मोसमांत बाई इतक्या शिस्तीनं दार लोटून गेल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र खटकते. बाण अधूनमधून अडकतो. चहाच्या वेळी हमखास. वरच्या कोपऱ्यातल्या माझ्या खोलीच्या खिडकीवर येऊन थांबतो आणि हलायचं नावच घेत नाही. मी चहा करतो, पितो, कपबशी विसळतो, तरी बाण तिथेच. मी खुर्चीत बसून कामाला लागलो की मगच सुटतो. तारवालीला फोन करून तक्रार नोंदवली.

ती म्हणाली, "बघते, काका." तिच्या आवाजात हसू होतं की फोनची खरखर, कळलं नाही.

१५ जानेवारी

ढग. काही नाही. बाई तरीही दिवसभर जोडलेल्या होत्या. बाण पुन्हा अडकला.

२० जानेवारी

लाइन मंदावली. सूर्याचं चित्र ठिगळाठिगळानं यायला लागलं. फोनवर तारवाली म्हणाली, जे हलतं ते महाग. सूर्य बिचारा एका जागी बसलेला असतो, त्याचा काही खर्च नाही. खोली रिकामी असली तर तिचाही घड्याळाच्या काट्यापुरताच. पण माणूस हलला की तेवढं चित्र सारखं बदलत राहतं.

म्हणजे लाइनवर भार कुणाचा, तर माझा! मी उठतो, बसतो, खाजवतो, आणि ते सगळं एवढ्या लांब पोचवायचं. माझीच मला लाज वाटली. मी खोलीची खिडकी बंद करून टाकली आणि नोंद टाकली, "लाइन मोकळी केली आहे." सूर्य लगेच स्वच्छ दिसायला लागला. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

२४ जानेवारी

बाईंचं काहीतरी बिनसलं आहे. बाण पडद्यावर भरकटतो, वरच्या कोपऱ्यात जातो, तिथे काहीच नसल्यावर पुन्हा खाली. चहाच्या वेळी लवकरच कोपऱ्यात. आजचं चित्र झाल्याची नोंद दुपार टळून गेल्यावर आली. "किल्लेदार, चहा झाला का?" ही एरवी रोज येणारी नोंद चार दिवसांत एकदाही नाही. लाइन सुधारली आणि माणूस बिघडला.

२७ जानेवारी

रविवार, म्हणून ताईचा फोन. माझी थोरली बहीण, बाईंच्याच शहरात राहते.

"किती दिवस राहणार रे वर? इथे खोली रिकामी आहे."

"माझे गुडघे दुखतात, ताई. तुझ्याकडे तीन जिने."

"डोंगरावर चढ-उतार करताना नाही दुखत?"

"वर गर्दी नसते."

"एकटा वेडा होशील एक दिवस. लग्न कर म्हटलं तेव्हा ऐकलं नाहीस."

मी म्हटलं, एकटं वाटायला वेळ कुठे आहे मला? दिवसभर काम असतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या रिकाम्या वरच्या कोपऱ्याकडे बघत बसलो. का, ते सांगता येणार नाही.

३० जानेवारी

तारवालीनं फोन करून सांगितलं, लाइन ठणठणीत आहे, बाण कधीच अडकत नव्हता.

"मग थांबत का होता?"

"अहो काका, बाई तुम्हाला बघत होत्या! चहाच्या वेळी. दहा वर्षं तुम्ही दोघं एकत्र चहा पीत होतात ना?"

मी फोन ठेवला. कान गरम झाले होते, या वयात. मी काय बघण्यासारखा आहे? आठ-आठ दिवस दाढी नाही, स्वेटरला कोपरावर भोक. म्हणजे पंधरा-वीस दिवस बाईंनी ते भोकसुद्धा बघितलं.

तेवढ्यात नोंदींच्या खिडकीत अक्षरं उमटायला लागली. तारवालीनं तिकडेही तोंड उघडलं असणार. "खोलीची खिडकी तुम्ही मला न विचारता बंद केलीत."

माझी जीभ, म्हणजे बोटं, अशी तिरकी का चालतात देव जाणे. मी लिहिलं, "सूर्य बघायला पडदा लावलाय, बाई. कामाच्या वेळी खोली कशाला बघायची?"

मग बाण सरळ खाली उजव्या कोपऱ्यात गेला. चित्र झाल्याची नोंद आली, पण दुसरा शब्द नाही.

३१ जानेवारी

सकाळी घुमट उघडायच्या आधी खोलीची खिडकी पुन्हा उघडली. भार पडला तर पडो. बाई आल्या. बाण हळूहळू वर गेला आणि माझ्या खिडकीवर थांबला. नोंद आली, "दिसली खोली." एवढंच. पुढे चहाची चौकशी नाही, चेष्टा नाही. म्हणजे राग आहेच.

मी काही लिहिलं नाही, नाहीतर पुन्हा काहीतरी वाकडं लिहिलं असतं. पण स्वेटर बदलला. आजचं चित्र झाल्याची नोंद आली, आणि त्यानंतरही बाण कोपऱ्यात गेला नाही. मी घुमट बंद केला, दिवे मालवले, तरी तो माझ्याच खिडकीवर होता. अंधारी खोली काय बघत असतील बाई?

१ फेब्रुवारी

सकाळी आलो तर बाण तिथेच! पडद्याखाली दिसतं किती जण जोडलेले आहेत ते. दोन. म्हणजे बाई माझ्याही आधी येऊन बसल्या आहेत.

"सुप्रभात, बाई" लिहिलं. उत्तर नाही. अबोला धरलाय. दहा मोसमांत एकदाच धरला होता, मी चुकून त्यांच्या पेन्सिलींना टोक काढून ठेवलं तेव्हा. पेन्सिलीला टोक त्यांना स्वतःच काढायचं असतं. तो अबोला जेवणापर्यंत टिकला होता.

मी मुद्दाम चहा दोनदा केला. बाण ढळला नाही. चित्र झाल्याची नोंद आली नाही, त्याचं मला नवल वाटलं. पण छायाचित्रं मशीनमध्ये साठतातच, डाग कुठे पळून जात नाहीत. राग उतरला की काढतील.

२ फेब्रुवारी

आज दाढी केली. ताईनं पाठवलेला निळा सदरा घडी मोडून घातला. टेबल आवरलं. मग एका पुठ्ठ्यावर ब्रशनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "चुकलो." आणि तो छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. हात भरून येईपर्यंत उभा होतो. मागे घड्याळाचा काटा गरगर फिरत होता, म्हणजे लाइनचा दोष नाही, बाईंना स्वच्छ दिसत असणार.

छोट्या खिडकीत बाणाचं टोक नेमकं माझ्या छातीवर होतं. हललं नाही. बाई हट्टी आहेत, पण उठून तर गेल्या नाहीत ना! जायचं असतं तर कोपऱ्यात गेल्या असत्या.

माऊसला चुकूनही हात लागू नये म्हणून तो मी उचलून फळीवर ठेवला आहे. मोठ्या माणसाला धक्का मारून उठवू नये.

३ फेब्रुवारी

आज मोठ्यानं बोललो. कॅमेऱ्याला आवाज कळत नाही, आणि कळला असता तरी बाईंना ऐकू आला नसता, त्यामुळे भीड चेपली. आरसे पुसता पुसता सगळं सांगितलं. ताई काय म्हणते ते, पाहुण्यांच्या खोलीत नवे कागद अंथरलेत ते, गेल्या वर्षी बाई खाली गेल्या त्या दिवशी मी त्यांचा कप तीन दिवस विसळला नव्हता ते. मध्येच हसलो. मध्येच वळून बघितलं, बाण होता.

खोटं कशाला लिहू? मला एकटं वाटतं. वर्षानुवर्षं वाटतं. ताईला सांगत नाही, कारण मग ती मला खाली नेल्याशिवाय राहणार नाही, आणि खाली मला कुणी ओळखत नाही. पण या तीन दिवसांत एकदाही एकटं वाटलं नाही. बाई बोलल्या नाहीत तरी चालेल. अशाच बसल्या तरी चालेल.

चित्र आजही नाही. उद्या विचारतोच.

४ फेब्रुवारी

सकाळी तारवालीचा फोन.

बाई इस्पितळात आहेत. ३१ तारखेला संध्याकाळी पाणी आणायला म्हणून टेबलावरून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रात्रभर तिथेच फरशीवर होत्या. सकाळी त्यांनी वाटीनं फरशी वाजवली, ती खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला ऐकू गेली. शस्त्रक्रिया झाली. तीन दिवस औषधांच्या गुंगीत होत्या, त्यामुळे ऑफिसला कुणी कळवलंच नाही. काल संध्याकाळी जरा शुद्धीत आल्या, तेव्हा शिक्षिकेकडून तारवालीला निरोप गेला. आज ती भेटून आली.

"मशीन घरी चालूच राहिलं होतं, काका. म्हणून तुम्हाला दोन दिसत होते."

मी विचारलं, "काही म्हणाल्या का?"

"पहिलं वाक्य तेच म्हणाल्या. किल्लेदारांना सांग, मी बाण कोपऱ्यात ठेवला नाही. ते वाट बघत बसतील."

त्यानंतर ती काय बोलली ते मी ऐकलं नाही.

बाई फरशीवर पडल्या होत्या आणि मी इथे विचारत होतो की अंधारी खोली काय बघत असतील. बाई गुंगीत होत्या आणि मी नवा सदरा घालून मिरवत होतो. लाइन जिवंत आहे हे बाईंना कळावं म्हणून मी माझ्या भिंतीवर घड्याळ टांगलं, आणि बाई कशा आहेत हे मला कळावं असं त्यांच्या बाजूला काय होतं? एक बाण. तो गप्प होता म्हणून मी खूश होतो. साधा फोन करून तारवालीला विचारायचं मला सुचलं नाही, कारण मला उत्तर नको होतं, सोबत हवी होती.

दिवसभर रडलो. घुमट बंदच ठेवायचा होता, पण दुपारी उठून उघडला, कारण छायाचित्रं साठली नसती तर आजचा दिवस गेला असता.

५ फेब्रुवारी

पहाटेपासून आभाळ निरभ्र. दुर्बिणीखाली कागद धरला आणि आजचे डाग पेन्सिलीनं काढले. बटाटा मागच्यापेक्षा बरा झाला. सपाट पुठ्ठ्यांमध्ये घालून पिशवीत ठेवला. १ तारखेपासूनची छायाचित्रंही छापून घेतली, बाई अंथरुणावरून काढू शकतील. पेन्सिली घेतल्या, टोक न काढलेल्या.

साहेबांना फोन केला. "मी खाली येतोय. दुसरा माणूस पाठवा."

"किती दिवसांसाठी?"

"बाई उठून बसेपर्यंत."

"अहो, पण तुम्ही तर कधीच..."

"हो," म्हटलं.

मग ताईला सांगितलं, खोली झाडून ठेव. ती आधी रडली, मग म्हणाली, तीन जिने आहेत, सावकाश चढ. इस्पितळ तिच्या घरापासून किती लांब आहे ते विचारून घेतलं. ती म्हणाली, चालत जाशील. गर्दीतून चालायची मला भीती वाटते, पण ते तिला बोललो नाही.

घुमट मिटला. चहाचे दोन्ही कप विसळून पालथे घातले. जीप वळणावर आली आहे, हॉर्न ऐकू येतो आहे. पडद्यावर छोट्या खिडकीत माझी खुर्ची रिकामी दिसते आणि मागे काटा फिरतो आहे. बाईंचा बाण ३१ तारखेपासून आहे तिथेच आहे.

फळीवरचा माऊस काढून टेबलावर ठेवला. त्यावर हात ठेवायला बराच वेळ लागला. मग बाण हळूच उचलला, पडद्यावरून खाली नेला आणि उजव्या कोपऱ्यात ठेवून दिला.